मुंबई बघायला येताय? आधी वार बघा, मग घड्याळ

आमचं घर डोंबिवलीत आणि निम्मे नातेवाईक बार्शीकडचे. त्यामुळे दिवाळी, मे महिना आणि लग्नसराई संपली की आमच्याकडे 'मुंबई दाखवा'चा मोसम सुरू होतो. वीसेक वर्षांत किती जणांना फिरवलं याचा हिशोब ठेवलेला नाही, पण चुका मात्र लक्षात आहेत. साडूंना सोमवारी घारापुरीला न्यायला निघालो होतो आणि लेणी बंद असल्याचं गेटवेला पोचल्यावर कळलं. आत्याला मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत इतका वेळ उभं केलं, की ती अजूनही चारचौघांत ते काढते. पहिल्यांदा मुंबई बघायला येणाऱ्यांसाठी म्हणून हे क्रमाने लिहितोय.

सगळ्यात आधी: वार

कुठे जायचं याची यादी करण्याआधी कॅलेंडर समोर घ्या. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्यातली कान्हेरी लेणीही सोमवारीच बंद. भायखळ्याची राणीची बाग बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी गर्दी आणि अंगारकीला तर विचारूच नका. शनिवार-रविवारी लोकलला गर्दी कमी असते, पण गेटवेवर पाय ठेवायला जागा नसते. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉकही असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास एखाद्या मार्गावरच्या गाड्या बंद किंवा वळवलेल्या. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते शनिवारच्या पेपरात येतं.

दोन दिवस हातात असतील तर गुरुवार-शुक्रवार उत्तम. सोमवारीच यायचं असेल तर तो दिवस फोर्ट आणि गेटवेला द्या, तिथे सोमवारने फारसं बिघडत नाही. पावसाळ्यात येणाऱ्यांनी घारापुरी मनातून काढून टाकावी. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, आणि चालू असल्या तरी त्या हेलकाव्यात घरची वयस्कर माणसं नकोत.

दादरला उतरू नका

सोलापूरची सिद्धेश्वर, कोल्हापूरची महालक्ष्मी, नांदेड-संभाजीनगरकडची देवगिरी, नागपूरची विदर्भ या सगळ्या रात्री निघून सकाळी सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, पोचतात. गावाकडच्या माणसाला मात्र 'मुंबईत उतरायचं म्हणजे दादर' असंच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. नातेवाईक दादरला राहत असतील तर ठीक. फिरायलाच आला असाल तर शेवटपर्यंत बसून राहा. गाडी तुम्हाला मुंबईतल्या सर्वात देखण्या इमारतीच्या आत आणून सोडते, वर पैसे मागत नाही.

उतरल्यावर वेटिंग रूममध्ये तोंड धुऊन घ्या आणि सामान क्लोक रूममध्ये टाका. क्लोक रूमवाले कुलूप लावलेलीच बॅग घेतात. आमच्या साडूंची सॅक होती, चेनवाली, कुलूप नाही. काउंटरवरून परत पाठवलं. मग स्टेशनबाहेर फेरीवाल्याकडून छोटं कुलूप घेतलं, दोन चेनच्या कड्यांत अडकवलं, तेव्हा कुठे पावती मिळाली. म्हणून घरूनच प्रत्येक बॅगेला एक कुलूप लावून आणा. प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र हाताशी असू द्या. आणि ती पावती जपून ठेवा, तिच्याकडे नंतर येतोच.

पहिला दिवस: पायी

सकाळी आठ-साडेआठची वेळ चालायला सोन्यासारखी असते. ऊन चढलेलं नसतं, दुकानं उघडलेली नसतात, आणि कचेऱ्यांत जाणारी गर्दी तुमच्याच दिशेने, पण तुमच्यापेक्षा दुप्पट वेगाने चालत असते. तिला वाट द्या. फुटपाथच्या मधोमध थांबून फोटो काढलात तर शिव्या नाही पडणार, पण खांदे नक्की लागतील.

आधी स्टेशनच बघा. बहुतेक लोक ते न बघताच बाहेर पडतात. १८७८ ला काम सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या दालनात जाऊन मान वर करा: छतावर निळ्या रंगात सोनेरी तारे आहेत. खाली रांगेत उभी असलेली माणसं रोज तिथून जातात आणि एकही वर बघत नाही. मीही पंधरा वर्षं बघितलं नव्हतं, एका भाच्याने दाखवलं. मग बाहेर या. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ बसलाय, सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान. भिंतींवर दगडात माकडं, मोर, पानंफुलं कोरलेली आहेत, लहान मुलांना मोजायला लावा, अर्धा तास आरामात जातो. पूर्ण इमारतीचा फोटो समोरच्या महापालिकेच्या कोपऱ्यावरून चांगला येतो. महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच.

नाश्ता समोरच्या 'आराम'मध्ये. वडापाव, मिसळ, साबुदाणा वडा, थालीपीठ. बसायला जागा मिळाली तर बसा, नाहीतर बाहेरच्या खिडकीवरून वडापाव घेऊन उभ्याने खा. मुंबईतला पहिला वडापाव उभ्यानेच खावा असं माझं मत आहे.

तिथून दादाभाई नौरोजी रोडने दक्षिणेकडे निघा. इमारतींच्या तळाशी कमानींची ओळ आहे, फुटपाथ तिच्या खालून जातो, त्यामुळे ऊन असो की पाऊस, डोकं झाकलेलं राहतं. या भागाला फोर्ट म्हणतात आणि नवीन माणूस हमखास विचारतो, 'किल्ला कुठाय?' किल्ला नाही. इंग्रजांच्या जुन्या कोटाच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या, नाव तेवढं उरलं.

दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक येतो. मधलं पांढरं कारंजं म्हणजे फ्लोरा फाउंटन, १८६४ चं. त्याच्या शेजारी मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांचं शिल्प आहे, ते संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. आपण ज्या राज्यात राहतो ते १ मे १९६० ला या माणसांच्या जिवावर झालं. आमचे काका तिथे चपला काढून उभे राहिले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चौकातून दोन फाटे फुटतात आणि दोन्ही घ्यावेत असे आहेत. डावीकडे हॉर्निमन सर्कल आणि त्याच्या पलीकडे टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. १८३३ मध्ये बांधून झालं. त्याच्या रुंद पायऱ्या तुम्ही मालिकांत आणि सिनेमांत शंभरदा पाहिल्यात, कोर्ट दाखवायचं असलं की हीच इमारत दाखवतात. पाय दुखत असतील तर तिथे जरा बसा. खरं हायकोर्ट मात्र चौकाच्या उजवीकडे आहे, आणि त्याच्या शेजारी विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. उंची साधारण ८५ मीटर. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. हे दोन्ही बघायला ओव्हल मैदानात जा. मैदानाच्या मधोमध उभं राहिलात की पूर्वेला टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती आणि पश्चिमेला गोलसर गच्च्यांच्या आर्ट डेको इमारती, मध्ये पोरांचं क्रिकेट. या दोन्ही रांगा मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. मैदानात फिरताना चेंडूवर लक्ष ठेवा, एकाच वेळी आठ-दहा सामने चालू असतात.

मग काळा घोडा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सव्वादहाला उघडतं. अकराच्या सुमारास पोचलात तर बाहेरच्या उन्हातून नेमके वेळेवर आत जाता. घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला आहे, आणि आमच्या बार्शीकडची बहुतेक मंडळी शाळेच्या सहलीत विजापूरला गेलेली असतात, त्यामुळे फाटकातच 'हे कुठेतरी पाहिलंय' सुरू होतं. आत सगळं बघायचा हट्ट धरू नका. लघुचित्रं, शस्त्रांचं दालन, अकबराचं चिलखत, असिरियातून आलेले दगडी कोरीव पट आणि एखादं मुलांना आवडेल ते दालन एवढं केलंत तरी दोन तास होतात. त्यानंतर नजर मेलेली असते. शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत फुकट जाता येतं. पाच मिनिटं जा, आवडलं तर वीस.

जेवून दुपारी तीननंतर गेटवे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आला त्याची आठवण म्हणून बांधायला घेतलं आणि १९२४ मध्ये पुरं झालं, म्हणजे राजा आला तेव्हा ही कमान नव्हतीच. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण इथूनच बोटीत चढून गेली. वास्तुकार जॉर्ज विटेट, वस्तुसंग्रहालयाचाही तोच. शेजारी १९०३ चं ताज हॉटेल आणि समोर घोड्यावरचे शिवाजी महाराज. गेटवेला अर्धा तास पुरतो. जाताना पिशव्यांची तपासणी होते, तेव्हा हातात सामान कमी ठेवा. फोटो काढून देणारे मागे लागतील. काढायचा असेल तर आधी भाव आणि फोटोंची संख्या ठरवा. 'काढतो, आवडले तेवढे घ्या' म्हणणाऱ्याला हो म्हणू नका, तो तीस काढतो.

संध्याकाळ मरीन ड्राइव्हची. गेटवेहून टॅक्सी किंवा बेस्टची बस करून चर्चगेटला या, तिथून समुद्र चार मिनिटांवर. रस्ता सगळा मिळून साडेतीन किलोमीटरच्या वर आहे, तो अख्खा चालायची गरज नाही. कठड्यावर बसा, दिवे लागेपर्यंत थांबा. दिव्यांची ती वळलेली ओळ म्हणजे राणीचा हार. भेळ खायची असेल तर गिरगाव चौपाटीपर्यंत जा. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १ ऑगस्ट १९२० ला ते गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार याच चौपाटीवर झाले.

लोकल: हे नीट वाचा

ठिकाणं चुकली तरी चालतात, लोकल चुकली की दिवस जातो.

मार्ग तीन लक्षात ठेवा. पश्चिम: चर्चगेटहून बोरिवली, विरारकडे. मध्य: सीएसएमटीहून ठाणे, कल्याणकडे. हार्बर: सीएसएमटीहून वाशी, पनवेलकडे. पश्चिम आणि मध्य दादरला भेटतात. दादरच्या प्लॅटफॉर्मचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ आहेत. 'मध्य रेल्वेला एक नंबरवर या' असं कुणी जुना माणूस फोनवर सांगत असेल तर त्याचं ऐकू नका, पाटी बघा.

इंडिकेटरवर गाडी कुठली, किती मिनिटांत, स्लो की फास्ट आणि किती डब्यांची ते लिहिलेलं असतं. स्लो प्रत्येक स्टेशनला थांबते, फास्ट थांबत नाही. धोबीघाट बघायला चर्चगेटहून महालक्ष्मीला निघालेले आमचे पाहुणे फास्टमध्ये चढले. फास्ट मुंबई सेंट्रलनंतर एकदम दादरला थांबते. महालक्ष्मी डोळ्यांसमोरून गेलं. धोबीघाट त्यांनी चालत्या गाडीतून बघितला, तोही उलट्या बाजूच्या खिडकीत बसून.

सकाळी आठ ते अकरा गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे सीएसएमटी-चर्चगेटकडे जाते. संध्याकाळी साडेपाच ते नऊ ती उलटी फिरते. तुम्ही गर्दीच्या विरुद्ध प्रवास करा किंवा करूच नका. मरीन ड्राइव्हहून संध्याकाळी सात वाजता बोरिवलीकडे निघणाऱ्याला मी हात जोडतो. नऊनंतर निघा, तोवर हवा खा.

चढताना दाराच्या मधोमध उभं राहायचं नाही, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. उतरायच्या दोन स्टेशनं आधी दाराकडे सरकायला लागायचं आणि पुढच्या माणसाला विचारायचं, 'दादर उतरणार?' तो हो म्हणाला की त्याच्या मागे उभं राहायचं, बाकी सगळं आपोआप होतं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. सॅक पाठीवर नाही, पोटावर. बायकांनी लेडीज डब्यातच चढावं. सोबत पुरुष आहेत म्हणून जनरलमध्ये शिरू नये, गर्दीत ते सोबत राहत नाहीत. डबे वेगळे झाले तरी स्टेशन एकच असतं. आणि घरातून निघतानाच एक नियम ठरवा: कुणी चुकलं, मागे राहिलं, पुढे गेलं, तर ज्या स्टेशनला उतरायचं होतं तिथल्या मधल्या पुलाखाली थांबायचं. फोन लागेलच असं नाही.

तिकिटाच्या रांगेत वेळ घालवू नका, मोबाइलवर किंवा मशीनवर मिळतं. दिवसभर फिरायचं असेल तर एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, खिडकीवर मागा. आता भुयारी मेट्रोही झाली आहे, आरेपासून कफ परेडपर्यंत. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, सिद्धिविनायक, दादर अशी स्टेशनं तिच्यावर आहेत. थंडगार असते. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन फिरताना मी आता लोकलऐवजी हीच धरतो. रिक्षा मात्र बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला नाहीत, तिकडे टॅक्सी किंवा बस. नवीन माणूस दादरला रिक्षा शोधत फिरतो म्हणून सांगितलं.

दुसरा दिवस: घारापुरी की कान्हेरी?

दोन्ही एका दिवसात होत नाहीत. कुणी सांगितलं होतात, तर त्याने केलेलं नाही.

घारापुरीच्या बोटी गेटवेहून सकाळी नऊच्या सुमारास सुटायला लागतात. तासाभराचा प्रवास. पहिल्या-दुसऱ्या बोटीने जा. लाइफ जॅकेट अंगात घाला, मांडीवर ठेवू नका. धक्क्यापासून लेण्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे, पुढे शंभराच्या वर पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं आणि वर माकडं. माकडं पाण्याची बाटली हातातून घेतात, झाकण काढून पितात. खाऊची पिशवी दिसली तर तीही गेली.

मुख्य लेण्यात समोरच अठरा-वीस फुटी सदाशिवाची मूर्ती आहे. लोक तिला त्रिमूर्ती म्हणतात, ब्रह्मा-विष्णू-महेश समजून हात जोडतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत, एक रागीट, एक शांत आणि एक हळुवार. बाहेरच्या उजेडातून आत गेल्यावर पहिली दोन मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावले की ओठांच्या कडा, जटांमधली नक्षी दिसायला लागते. बहुतेक जण त्याआधीच फोटो काढून मागे वळतात. पोर्तुगीजांनी इथल्या दगडी हत्तीवरून बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. तो हत्ती आता बेटावर नाही, राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. मुलांना बागेत पेंग्विन दाखवायला नेलंत तर त्यालाही भेटा.

पायऱ्या आणि बोट नको असेल, किंवा पाहुणे ठाणे-बोरिवलीकडे उतरले असतील, तर कान्हेरी. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, आतली बस धरा. शंभराहून जास्त बौद्ध लेणी आहेत. सगळी बघायची नसतात, तीन नंबरचं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं लेणं, नीट बघा आणि मग कातळात खोदलेली पाण्याची टाकी शोधत वर चढा. पावसाचं पाणी चरांतून टाक्यांत कसं नेलंय ते बघून आमच्या शेतकरी मामांनी लेण्यांपेक्षा त्यावरच जास्त वेळ घालवला. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. कल्याणहून माणसं तेव्हापासून इकडे ये-जा करतायत, लोकल नव्हती इतकंच.

देवदर्शन आणि बाकीचं

सिद्धिविनायक, महालक्ष्मी आणि हाजी अली एका सकाळी होतात, सिद्धिविनायक सर्वात आधी. हाजी अलीचा रस्ता समुद्रातून जातो आणि भरतीला पाण्याखाली जातो, म्हणून त्या दिवशीची भरतीची वेळ मोबाइलवर बघून घ्या. दादरला असाल तर चैत्यभूमीला जा. ६ डिसेंबरला मात्र तिथे लाखो लोक येतात, तो दिवस फिरण्याचा नाही, फक्त दर्शनासाठीच जायचं असेल तर जा.

माझ्या यादीत सर्वात वर बाणगंगा आहे, वाळकेश्वरला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं दगडी तळं, भोवती देवळं, पायऱ्यांवर बदकं. पाहुण्यांना नेलं की ते विचारतात, 'हे मुंबईतच आहे ना?' तिथून हँगिंग गार्डन आणि म्हातारीचा बूट जवळ आहेत, मुलं असतील तर.

नटांचे बंगले म्हणजे बंद फाटकं. सी लिंकवर पायी जाता येत नाही, तो बांद्र्याच्या बाजूने नुसता बघायचा. मॉल गावाकडच्या शहरांतही आहेत. क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, खरेदीसाठी नाही तरी बघायला जा. दारावरच्या दगडी पटांत शेतकरी कोरलेत.

परतीची गाडी रात्रीची असेल तर सुटायच्या बरंच आधी क्लोक रूमला पोचा, शेवटच्या अर्ध्या तासात तिथे रांग लागते. पावती कुणा एकाकडेच द्या आणि कुणाकडे दिली ते बाकीच्यांना सांगा. आमच्या आत्याने ती चष्म्याच्या डबीत ठेवली, डबी पर्समध्ये, आणि पर्स सकाळी त्याच बॅगेत, जी आत कुलूपबंद होती.